साडेदहा टनांची अट

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीचा तास आठवड्यातून तीनदा, तोही जेवणाच्या सुट्टीनंतर, म्हणजे अर्धा वर्ग झोपेत! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं काही चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं.

आपल्या मॅगझिनमध्ये दर वर्षी कुणा ना कुणा थोर इंजिनिअरचं चरित्र असतंच. बहुतेक वेळा त्यात जन्म, शिक्षण, अफाट कष्ट, सत्कार आणि शेवटी आपण काय शिकावं असा क्रम असतो. मीही तोच क्रम ठेवणार आहे. फरक एवढाच, की हा माणूस मला आवडला तो त्याच्या एका मोठ्या चुकीमुळे. आणि ती चूक मला लगेच कळली, कारण दोन महिन्यांपूर्वी मी नेमकी तीच करून बसले होते.

झालं असं. पहिल्या सेमिस्टरच्या प्रोजेक्ट एक्झिबिशनसाठी आमच्या ग्रुपने भुईमुगाच्या शेंगा फोडायचं हाताने चालणारं यंत्र करायचं ठरवलं. ग्रुप लीडर मी. मदतीला एस.ई.चे दोन ज्युनिअर. मी पहिल्याच आठवड्यात नऊ पानांची स्पेसिफिकेशन शीट काढली. वजन १२ किलोच्या आत. हँडल मिनिटाला ४० पेक्षा जास्त वेळा फिरवावं लागू नये, कारण फिरवणारी बाई दमेल. तासाला २५ किलो शेंगा फुटल्याच पाहिजेत. ड्रमचा व्यास, पत्र्याची जाडी, पायांची उंची, बोल्टची साइझ, अगदी मुठीचा रंगसुद्धा! स्पायरल बाइंडिंग करून प्रत्येकाला एकेक प्रत दिली. मला वाटलं होतं, इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच.

दोन ज्युनिअरपैकी एक शेतकऱ्याच्या घरातला. त्याने शीट नीट वाचली आणि म्हणाला की ताई, आमच्या घरी असलं यंत्र आहे, पण त्याचं हँडल गोल फिरत नाही, उभा दांडा असतो आणि तो पुढं-मागं करायचा. शिवाय ४० फेऱ्यांचा आकडा कुठून आला, हेही त्याने विचारलं. खरं सांगायचं तर तो आकडा मी मनानेच टाकला होता. पण मी त्याला सांगितलं, शीटमध्ये आहे तसं कर.

त्याने केलं. ४० फेऱ्यांत तेवढ्या शेंगा फोडायच्या तर गिअर लागले. गिअर आले तसं वजन वाढलं. वजन १२ किलोच्या आत बसवायला पत्रा पातळ घेतला. पातळ पत्रा वाकला आणि ड्रम आणि जाळी यांच्यातलं अंतर कुठे कमी, कुठे जास्त झालं. एक्झिबिशनच्या दिवशी परीक्षकांनी हँडल फिरवलं. आधी शेंगदाण्यांचा चुरा पडला, मग यंत्र अडकलं ते अडकलंच. त्यांनी मला कारण विचारलं. मी म्हटलं, फॅब्रिकेशन ज्युनिअर्सनी केलंय, सर.

तो तिथेच उभा होता. एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपमध्ये आला नाही.

त्यानंतरच्या पी.एल.मध्ये अभ्यास सोडून लायब्ररीत भलतंच काहीतरी वाचत असताना मला ब्रुनेल भेटला. पूर्ण नाव इझाम्बार्ड किंगडम ब्रुनेल. (आपल्याकडे असता तर पहिल्याच रोल कॉलला नावाची वाट लागली असती!)

ब्रुनेलचा जन्म ९ एप्रिल १८०६ रोजी इंग्लंडमधल्या पोर्टस्मथला झाला. वडील मार्क ब्रुनेल मूळचे फ्रेंच आणि स्वतः नावाजलेले इंजिनिअर. आईचं माहेरचं आडनाव किंगडम, म्हणून ते मधलं नाव. वडिलांनी मुलाला लहानपणीच भूमिती आणि ड्रॉइंग शिकवलं, पुढे शिकायला फ्रान्सला पाठवलं. १८२२ मध्ये तो परत आला आणि वडिलांच्या हाताखाली कामाला लागला.

काम कसलं, तर लंडनमध्ये थेम्स नदीच्या खालून बोगदा काढायचा! वाहत्या नदीखाली असा बोगदा तोपर्यंत कुणाला जमला नव्हता. १८२५ मध्ये खोदकाम सुरू झालं, जागेवरचा इंजिनिअर आजारी पडला आणि ती जबाबदारी धाकट्या ब्रुनेलवर आली. तेव्हा त्याचं वय २०. आपण या वयात सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलं कॉपी करतो... असो. १२ जानेवारी १८२८ ला नदी बोगद्यात शिरली. सहा माणसं बुडून मेली. ब्रुनेल जबर जखमी झाला, पण वाचला.

नंतर काही वर्षं फुटकळ कामांत गेली. ब्रिस्टलजवळ क्लिफ्टनच्या दरीवरच्या झुलत्या पुलाची स्पर्धा त्याने जिंकली, पण पैशांअभावी पूल रखडला. मग मार्च १८३३ मध्ये त्याला ते काम मिळालं ज्यासाठी जग त्याला ओळखतं. लंडन ते ब्रिस्टल अशी ग्रेट वेस्टर्न रेल्वे बांधायची. चीफ इंजिनिअर म्हणून नेमणूक झाली तेव्हा त्याला २७ वं वर्ष पुरं व्हायचं होतं.

या माणसाचा स्वभाव असा, की दुसऱ्याने केलंय म्हणून तसंच करायचं हे त्याला मान्यच नव्हतं. जॉर्ज स्टीफन्सनच्या रेल्वेचं गेज होतं ४ फूट साडेआठ इंच. ब्रुनेलने ठरवलं ७ फूट! रूळ रुंद असले की गाडी स्थिर राहील आणि वेगात पळेल. मार्ग त्याने स्वतः घोड्यावर बसून फिरून ठरवला. चढ इतके कमी ठेवले की आजही त्या मार्गाचं कौतुक होतं. मेडनहेडला थेम्सवर त्याने विटांच्या कमानींचा पूल बांधला, एकेक कमान १२८ फुटांची आणि इतकी चपटी की ती पडणार म्हणून लोकांनी बोंब मारली. ती पडली नाही. त्या पुलावरून अजून गाड्या जातात.

रूळ, पूल, बोगदे, स्टेशनं, सगळ्याची ड्रॉइंगं तो स्वतः करायचा. स्टेशनच्या दिव्याचा खांब कसा असावा इथपर्यंत. राहिली एकच गोष्ट, इंजिन. ते मात्र बाहेरच्या कारखान्यांकडून बनवून घ्यायचं होतं. आणि इथेच माशी शिंकली.

१८३६ च्या उन्हाळ्यात ब्रुनेलने कारखान्यांना पत्रक पाठवलं. गंमत अशी, की इंजिनाची रचना कशी करायची ते कारखानदारांनी ठरवावं, असं त्याने त्यात म्हटलं होतं. म्हणजे वरवर पाहता पूर्ण स्वातंत्र्य! पण सोबत आकडे जोडले होते. नेहमीचा वेग ताशी ३० मैल. त्या वेगाला पिस्टनची गती मिनिटाला २८० फुटांपेक्षा जास्त नको. वाफेचा दाब ५० पौंड धरून ओढ ८०० पौंड हवी. इंजिनाचं वजन, पाणी आणि कोक धरून, टेंडर सोडून, साडेदहा टनांच्या आत. आणि ८ टनांच्या वर गेलं तर चार नव्हे, सहा चाकं हवीत.

यात वाईट काय आहे? एकेक अट वेगळी वाचली तर प्रत्येक शहाणपणाची वाटते. पिस्टन हळू चालला तर झीज कमी. इंजिन हलकं असलं तर रुळांना त्रास कमी. माझ्या हँडलच्या ४० फेऱ्याही शहाणपणाच्याच होत्या की!

मी हॉस्टेलवर बसून कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. करायला अगदी सोपा आहे, तुम्हीही करून बघा. ताशी ३० मैल म्हणजे मिनिटाला २६४० फूट. चाक एकदा फिरलं की पिस्टन एकदा पुढे आणि एकदा मागे जातो. स्ट्रोक १६ इंचांचा असेल तर एका फेरीत ३२ इंच. मिनिटाला २८० फूट हीच मर्यादा, म्हणजे १०५ फेऱ्या. १०५ फेऱ्यांत २६४० फूट जायचं, तर चाकाचा घेर २५ फुटांच्या थोडा वर आणि व्यास बरोब्बर ८ फूट! स्ट्रोक २० इंच घेतला तर व्यास येतो १० फूट. आमच्या हॉस्टेलच्या खोलीचं छत १० फुटांवर आहे. म्हणजे खोलीत उभं केलं तर छताला टेकेल एवढं चाक. त्या काळी साधारण ५ फुटी चाक आणि १६ इंची स्ट्रोक अशी इंजिनं सर्रास चालत. त्यांचा पिस्टन ताशी ३० मैलांना मिनिटाला ४५० फुटांच्या आसपास पळायचा आणि त्यात काही बिघडत नव्हतं.

म्हणजे चाकाचा व्यास पत्रकात लिहिलेला नव्हता, पण तो पत्रकानेच ठरवला होता. आता एवढं अवाढव्य चाक, त्याचा आस, त्याला धरणारी फ्रेम, या सगळ्याचं वजन कापायचं कुठून? साडेदहा टन तर ओलांडायचे नाहीत. मग कापला बॉयलर. इंजिनाचा जीव असतो बॉयलरमध्ये. वाफ तिथे होते. मोठ्या चाकांचं आणि छोट्या बॉयलरचं इंजिन म्हणजे पैलवानाचे पाय आणि चिमणीचं पोट!

काही कारखान्यांनी मग डोकं चालवलं. एकाने हरिकेन नावाचं इंजिन केलं. त्याला १० फुटी चाकं, आणि वजनाची अट चुकवायला इंजिन एका गाड्यावर आणि बॉयलर मागच्या दुसऱ्या गाड्यावर. मधे वाफेचे नळ, वाकणाऱ्या सांध्यांचे. बॉयलरचं वजन मागच्या गाड्यावर गेल्यामुळे ओढणाऱ्या चाकांवर पुरेसा भारच राहिला नाही. त्याचंच भावंड थंडरर. त्यात चाकं ६ फुटीच ठेवली, पण पिस्टनची गती कमी ठेवण्यासाठी गिअर बसवले. आणखी एका कारखान्यानेही गिअरवाली दोन इंजिनं दिली. (हे वाचताना मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसती बसले होते. गिअर!)

कारखानदारांना दोष देता येईल का? त्यांनी जे मागितलं तेच दिलं. कागदावर हरिकेन पास होतं. फक्त गाडी ओढत नव्हतं.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. डॅनियल गूच. जन्म २४ ऑगस्ट १८१६. लोखंडाच्या कारखान्यांत आणि इंजिनांच्या शॉपमध्ये हात काळे करत शिकलेला पोरगा. जुलै १८३७ मध्ये त्याने ब्रुनेलला नोकरीसाठी पत्र लिहिलं, ब्रुनेलने त्याला भेटून लगेच नेमलं. पद होतं इंजिन विभागाचा प्रमुख. वय होतं २०, एकविसाव्या वाढदिवसाला थोडे दिवस बाकी. इथे ब्रुनेलचं कौतुक केलंच पाहिजे. स्वतः विसाव्या वर्षी बोगद्यात उतरलेल्या माणसालाच दुसऱ्या वीस वर्षांच्या मुलावर असा विश्वास टाकणं सुचत असेल.

पण त्या मुलाच्या वाट्याला आलं काय? साहेबाने आधीच ऑर्डर देऊन ठेवलेली वीसेक इंजिनं. एकेक येऊ लागलं तसं गूचच्या पोटात गोळा येऊ लागला. ४ जून १८३८ ला लंडनच्या पॅडिंग्टनपासून मेडनहेडपर्यंत गाड्या सुरू झाल्या. दिवसा गाड्या चालवायच्या आणि रात्री त्याच इंजिनांची दुरुस्ती करायची. कित्येक रात्री गूच घरी गेलाच नाही, शेडमध्येच राहिला. सकाळच्या गाडीला चालू इंजिन मिळेल की नाही, याची रोज शाश्वती नसे.

त्या ताफ्यात सगळ्यात भरवशाचं इंजिन होतं, नॉर्थ स्टार. आणि त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ते ब्रुनेलच्या पत्रकाप्रमाणे बनलेलंच नव्हतं! रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्याने ते अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या रेल्वेसाठी केलं होतं, साडेपाच फुटी गेजवर. (आपल्या भारतातल्या ब्रॉड गेजचं मापही नेमकं साडेपाच फूटच.) तो सौदा फिसकटला आणि इंजिन पडून राहिलं. ते ७ फुटी गेजला जुळवून ग्रेट वेस्टर्नने घेतलं. चाक ७ फुटी, स्ट्रोक १६ इंच. हिशेब केला तर पिस्टनची गती येते ३२० फूट, म्हणजे २८० च्या अटीत नापास! वजनातही नापास. आणि गाड्या ओढायची वेळ आली की सगळे धावायचे त्याच्याकडे. डायरेक्टर लोकांची पहिली खास गाडीसुद्धा नॉर्थ स्टारनेच ओढली.

१८३८ च्या अखेरीस प्रकरण हातघाईवर आलं. भागधारक चिडले होते. बाहेरचे तज्ज्ञ बोलावून ब्रुनेलच्या सगळ्या कामाची तपासणी चालली होती. त्याला काढून टाकावं अशी एका गटाची मागणी होती. अशात डायरेक्टर मंडळाने गूचला सांगितलं, इंजिनांबद्दल तुझं खरं मत आम्हाला थेट लिहून दे.

जरा विचार करा. वय २२. ज्याने नोकरी दिली तो साहेब आधीच संकटात. खरं लिहिलं तर त्याच्यावर घाव. खोटं लिहिलं तर गाड्या अशाच बंद पडत राहणार. आपल्याकडे व्हायव्हाला गाइडच्या विरुद्ध एक वाक्य बोलायची आपली टाप नसते. गूचने खरं लिहिलं. बहुतेक इंजिनं निकामी आहेत, हे कारणांसकट.

ब्रुनेल रागावला. स्वाभाविकच आहे, त्याच्या हाताखालच्या पोराने त्याला ओलांडून वर रिपोर्ट दिला होता. पण हा राग फार टिकला नाही. आणि यानंतर त्याने जे केलं त्यामुळे मला तो खऱ्या अर्थाने मोठा वाटतो. तो बाह्या सरसावून गूचबरोबर नॉर्थ स्टारवर कामाला लागला. बाहेरच्या तज्ज्ञांनी चाचणी घेऊन निष्कर्ष काढला होता, की वेग वाढला की हवेच्या विरोधामुळे इंजिन फारसं ओढूच शकत नाही. या दोघांनी शोधलं की दुखणं हवेत नसून चिमणीत आहे. वापरलेली वाफ चिमणीतून बाहेर सोडणारा नळ त्यांनी मोठा केला आणि वाफ बरोबर मधोमध वर जाईल असा बसवला. डिसेंबर १८३८ च्या शेवटी नवी चाचणी झाली. तेच इंजिन आधीच्या दुपटीहून जास्त ओझं घेऊन त्याच वेगाने गेलं आणि कोकही कितीतरी कमी लागला. तज्ज्ञांचं तोंड बंद झालं. जानेवारी १८३९ च्या बैठकीत ब्रुनेलची नोकरी वाचली. ज्याच्या रिपोर्टने घाव बसला होता, त्याच पोराच्या मदतीने!

पुढची इंजिनं कशी मागवायची हे मग गूचवर सोपवण्यात आलं. आता तुम्हाला वाटेल, की गूचने धडा घेऊन कारखान्यांना दोन ओळींचं पत्र लिहिलं असेल. अजिबात नाही! त्याने प्रत्येक भागाचं बारीकसारीक ड्रॉइंग काढून छापून घेतलं, आणि महत्त्वाच्या भागांचे लोखंडी साचेसुद्धा कारखान्यांना पाठवले, म्हणजे एका इंजिनाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे. शिवाय बनवणाऱ्याने पहिल्या १००० मैलांची जबाबदारी घ्यायची. फायरफ्लाय जातीची अशी ६२ इंजिनं १८४० ते १८४२ मध्ये सात वेगवेगळ्या कारखान्यांनी बनवली. सगळी सारखी आणि सगळी चालणारी. मार्च १८४० मध्ये पहिल्या फायरफ्लायने ताशी ५० मैलांच्या आसपास सरासरी गाठली.

इथे मी गोंधळले. डिटेल वाईट असेल, तर गूचचं डिटेल चाललं कसं? ब्रुनेलचं पत्रक तर एखाद-दोन पानांचं, आणि गूचचा ड्रॉइंगांचा ढीग!

दोन दिवस विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं ते असं. गूचने आधी नॉर्थ स्टारबरोबर रात्री काढल्या, काय चालतं ते हातांनी पाहिलं, आणि मग ते कागदावर उतरवलं. ब्रुनेलने आधी कागदावर उतरवलं आणि मग इंजिन त्यात बसेल अशी अपेक्षा केली. गूचचा प्रत्येक आकडा चालून दाखवलेल्या इंजिनाचा होता. ब्रुनेलचे आकडे होते त्याच्या काळजीचे. झिजेल का, रूळ तुटेल का, ही काळजी. ती काळजी त्याने काळजी म्हणूनच लिहायला हवी होती. माझे रूळ जपा, एवढं. पण त्याने तिचं उत्तरही स्वतःच काढलं, साडेदहा टन, आणि तेच अट म्हणून लिहिलं. त्यामुळे ज्याला त्याहून बरं उत्तर येत होतं त्याचं तोंडच बंद झालं.

आणि गंमत बघा, ८ फुटी चाकात वाईट असं काही नव्हतंच! पुढे १८४६-४७ मध्ये गूचने स्वतः ८ फुटी चाकांची इंजिनं केली आणि ती त्या काळातल्या सगळ्यात वेगवान इंजिनांत गणली गेली. फक्त त्यांचा बॉयलर दणकट होता आणि वजन ३५ टनांच्या आसपास. साडेदहा टनांची अट असती तर ती कधी जन्मालाच आली नसती.

ब्रुनेल यातून काय शिकला? त्याने आपली चूक कुठे जाहीर कबूल केली का, ते मला सापडलं नाही. पण १८४७ मध्ये एक घटना घडली. रॉबर्ट स्टीफन्सनने बांधलेला डी नदीवरचा बिडाचा पूल गाडी जाताना कोसळला, पाच माणसं मेली. सरकारने समिती नेमली, की रेल्वेच्या पुलांत लोखंड कसं वापरावं याचे नियम करावेत का. १८४८ मध्ये त्या समितीला ब्रुनेलने जे लिहून कळवलं ते अगदी रोखठोक होतं. त्याचा आशय असा, की पूल कसा बांधायचा याचे नियम आज लिहून ठेवाल तर आजचे गैरसमज आणि आजच्या चुकाच उद्यासाठी कायदा होऊन बसतील आणि सुधारणा थांबेल. १८३६ चं पत्रक लिहिणारा तोच माणूस! हे लिहिताना त्याला हरिकेन आठवलं असेल का? मला वाटतं, आठवलं असावं.

आणि १८५५ मध्ये उलट बाजूने परीक्षा झाली. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैनिक गोळीपेक्षा हॉस्पिटलातल्या घाणीने जास्त मरत होते. सरकारने ब्रुनेलला विचारलं, इंग्लंडमध्ये बनवून जहाजाने नेता येईल असं हॉस्पिटल करशील का? जागासुद्धा ठरलेली नव्हती. त्याने गरज काय आहे तेवढंच धरलं. कुठल्याही जमिनीवर बसलं पाहिजे, लहान-मोठं करता आलं पाहिजे, हवा, पाणी आणि सांडपाणी यांची सोय हवी. लाकडी वॉर्डचे सारखे सुटे भाग, मधल्या लांब वाटेला हवे तितके जोडायचे. तुर्कस्तानात रेंकिओई इथे ते उभं राहिलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेशंट घेऊ लागलं. तिथले मृत्यू आधीच्या हॉस्पिटलांच्या मानाने फारच थोडे होते.

बाकीचं आयुष्य भराभर सांगते. ग्रेट वेस्टर्न आणि ग्रेट ब्रिटन ही जहाजं गाजली. साउथ डेव्हनची, हवेच्या दाबावर चालणारी रेल्वे साफ फसली आणि १८४८ मध्ये गुंडाळावी लागली. सॉल्टॅशचा सुंदर पूल १८५९ मध्ये पुरा झाला. शेवटचं काम ग्रेट ईस्टर्न, ६९२ फूट लांबीचं जहाज, तोपर्यंतच्या कुठल्याही जहाजापेक्षा कितीतरी मोठं. ते पाण्यात ढकलायलाच जवळजवळ तीन महिने लागले. पैशांची भांडणं, धावपळ, जागरणं यांनी ब्रुनेल खचला. सप्टेंबर १८५९ मध्ये त्याच जहाजावर त्याला झटका आला आणि १५ तारखेला तो गेला. वय फक्त ५३.

ग्रेट ईस्टर्न प्रवासी जहाज म्हणून तोट्यातच गेलं. १८६४ मध्ये ते लिलावात ज्या मंडळींनी विकत घेतलं, त्यांत पुढे होता डॅनियल गूच! त्याला उमगलं होतं, की समुद्रात टाकायची हजारो मैलांची तार एका दमात पोटात घेईल असं जहाज जगात हे एकच आहे. १८६६ मध्ये त्याच जहाजाने अटलांटिकच्या तळाशी तार टाकली. पुढे हेच जहाज पांढरा रंग देऊन आफ्रिकेला वळसा घालून आपल्या मुंबईला आलं, आणि फेब्रुवारी १८७० मध्ये मुंबई ते एडन अशी तार टाकत गेलं. ज्या कामासाठी ते बांधलंच नव्हतं, त्या कामाने ब्रुनेलच्या जहाजाचं नाव राहिलं. गूच पुढे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा चेअरमन झाला आणि १८८९ मध्ये वारला. ७ फुटी गेज मे १८९२ मध्ये बंद झालं.

आता शेवटी आपण काय शिकावं, हे यायला हवं. मला उपदेश जमत नाही, म्हणून मी काय केलं तेवढं सांगते.

एक, आमच्या प्रोजेक्ट गाइडना मी लेखी दिलं, की यंत्र अडकलं ते फॅब्रिकेशनमुळे नाही, माझ्या शीटमुळे. २२ वर्षांच्या गूचला जे जमलं त्याच्या निम्मं तरी मला जमावं, म्हणून. दोन, ती नऊ पानी शीट काढून टाकली. नवी शीट तीन ओळींची आहे. शेंगा फुटाव्यात, दाणा फुटू नये. एका बाईला एकटीने चालवता आणि उचलता यावं. गावात दुरुस्त होईल असं असावं. बाकीचं आधी बघून, करून, मग लिहायचं.

तीन, मागच्या आठवड्यात मेसच्या बाहेर त्या ज्युनिअरला गाठून सॉरी म्हटलं. आणि विचारलं, की सुट्टीत तुमच्या गावी येऊन तो पुढं-मागं करायचा दांडा बघता येईल का, तुझ्या आईला चालवताना बघायचंय. तो म्हणाला, आईला विचारून सांगतो.

अजून सांगितलेलं नाही. मी वाट बघतेय.